दाजींचा वाफसा

आमच्या दाजींनी जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर ते फक्त जमिनीचं, आणि तेही अगदी कान लावून. आईबापांचं त्यांनी ऐकलं नाही, म्हणून तर अंगावरची हळद उतरायच्या आत ते पलटणीत भरती झाले. पलटणीत साहेबांचं ऐकलं नाही, म्हणून हवालदाराच्या वर त्यांना कुणी चढू दिलं नाही. आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, हिनं वडूजच्या बाजारात या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची गिऱ्हाइकं वळून बघत; पण तो आवाजही दाजींच्या कानांवरून वाऱ्यासारखा निघून जाई. मात्र वाटेनं चालताना एखादं रान मनात भरलं, किंवा मनातून उतरलं, की हा उंच, काटकुळा, खाकी अर्ध्या चड्डीतला माणूस तिथल्या तिथं थांबायचा, डोईचा पटका काढून बगलेत धरायचा आणि सरळ पालथा पडून उजवा कान भुईला लावायचा. त्यामुळं त्यांचा उजवा कान बारा महिने मातकट असे आणि डावा स्वच्छ. बराच वेळ तसं पडून राहिल्यावर ते उठत, गुडघे झाडत आणि रोग्याच्या खोलीतून बाहेर आलेल्या डॉक्टरासारखा चेहरा करून म्हणत, "दम कोंडलाय तिचा."

मी त्या काळी इस्लामपूरला शाळामास्तर होतो. माझं लग्न जुळवायची खटपट चालली होती, आणि घरातला कर्ता माणूस म्हणून आक्कानं दाजींना माझ्याबरोबर मुलगी बघायला धाडलं. कृष्णाकाठचं चांगलं खातंपितं घर होतं. पोहे झाले, पानसुपारी झाली, मुलीचे वडील हौसेनं आम्हाला मळा दाखवायला घेऊन गेले. उसाच्या कडेला पोचतोय तोच दाजी पालथे पडले. एकच धावपळ उडाली. कुणी "फेफरं आलं, फेफरं आलं" म्हणून ओरडलं, कुणी पायातलं पायताण काढून त्यांच्या नाकाला लावलं, एकजण घराकडं पळत जाऊन फोडलेला कांदा घेऊन आला. दाजींनी एक डोळा उघडला, कांदा पाहिला आणि म्हणाले, "भाकरीबी आणायची व्हती की." मग उठून त्यांनी मुलीच्या वडलांना त्यांच्याच मळ्यात सुनावलं, "पाव्हणं, तुमी पाणी लय पाजताय. रान बसलंय तुमचं. वर हिरवं दिसतंय, पर खाली फरशी झालीया." ते स्थळ अर्थातच मोडलं. आम्ही परतीची वाट धरली. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं मास्तर. ज्येच्या रानात पाणी मुरत न्हाई, त्येच्या घरात जावई काय मुरणार?"

घट्ट, सपाट, चोपलेलं असं जे जे असेल त्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. सुगीच्या आधी खळं करायला बायका भुई चोपू लागल्या की दाजी गाव सोडून कुठंतरी निघून जात. ते चोपणं बघवत नाही, म्हणत. आणि उलट, नांगरलेल्या रानावर कुणी पाय दिलेला त्यांना खपत नसे. गळ्यात पलटणीतली शिट्टी कायम असायची. शेजारच्या गावचं एक वऱ्हाड जवळची वाट म्हणून त्यांच्या नांगरटीतून निघालं, तेव्हा दाजींनी शिट्टी फुंकली, "हाल्ट!" म्हणून गर्जले, नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं आणि वाजंत्र्यांसकट सगळ्यांना बांधावरून एकामागं एक, लेफ्ट-राइट करत पलीकडं पोचवलं. एका म्हातारीला चालवेना, तिला त्यांनी स्वतः पाठीवर घेतलं. पलीकडं गेल्यावर वऱ्हाडाला रीतसर 'डिस्मिस', म्हणजे कवायत संपल्याचा हुकूम, दिला. मुहूर्त टळला म्हणून नवरीकडचे भांडायला आले, तर त्यांनाच उलट विचारलं, "मुहूर्त काय, सांजचाबी सापडंल. नांगरट मोडली तर ती कोण देनार?" हा डिस्मिस घरातही चाले. पंगत उठली की हात धुतलेल्या पाहुण्यांसमोर ते ताठ उभे राहत आणि डिस्मिस देत. नवखी माणसं त्याचा अर्थ आता निघा असा घेत आणि सुपारी न खाताच निघत.

त्यांचं हे वेड गावाच्या कामाला कसं आलं, आणि त्यापायी आक्काच्या वाट्याला काय आलं, ते सांगायचं म्हणजे थोडं मागं जायला हवं. दाजींचं गाव वडूजच्या अलीकडं, कोरडवाहू मुलखातलं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत गावाबाहेरची सपाट जमीन सरकारनं छावणीसाठी घेतली. त्यात सहा घरांची रानं गेली. दाजींचं एक होतं, आणि त्याला लागून त्यांच्या चुलत्याचं, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे. दाजी स्वतः तेव्हा दूर आसामाकडं होते. इथं आक्का एकटीनं टेकडावरचं मुरमाड वावर कसत होती आणि छावणीच्या तारेपलीकडं आपलं काळं रान तुडवलं जाताना रोज बघत होती. मोटारी, खेचरं, तंबू, कवायती, सगळं त्या मातीवर चार-पाच वर्षं नांदलं. लढाई संपली, तंबू उठले, तार निघाली आणि जमीन ज्याची त्याला परत मिळाली. पण जे परत मिळालं त्याला रान म्हणायला जीभ धजेना. म्हैस चालली तरी खुरांचा आवाज यायचा. पावसाचं पाणी मुरायचं नाही. ताटलीत सांडल्यासारखं उभं राहून तिथंच वाळायचं. नांगर टेकवला की फाळ उडायचा. एका घरानं हट्टानं बैल घातले, तर एका बैलाचा खांदा सुजला आणि नांगराचं लाकूड मोडलं. आबांनी बांधावर उभं राहून निकाल दिला, "रान मेलं. मेल्याला टोचू नगा."

दाजी पेन्शनीवर घरी आले ते ट्रंक ओट्यावर टाकून आधी तिथं गेले. त्या दिवशी ते इतका वेळ कान लावून पडले होते की आक्का म्हणते, अंगावर सरडा चढून उतरला तरी कळलं नाही. उठल्यावर म्हणाले, "मेलं न्हाई. बेसुद हाय."

आता बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणायला कांदा असतो, रानाला काय लावायचं हा प्रश्न होता. त्याचं उत्तर इस्लामपुरात एका गोठ्यात उभं होतं, आणि ते दाजींना सांगायची बुद्धी मला झाली. तिथले एक बागायतदार होते, आप्पासाहेब म्हणत त्यांना. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. लढाईनंतर विलायतेहून नवे ट्रॅक्टर यायला लागले तेव्हा त्यांनी हौसेनं एक करड्या रंगाचा लहानखुरा ट्रॅक्टर आणला. त्याच्या मागं जोडायला नऊ वाकड्या पोलादी फणांचं एक अवजार होतं. त्याला टिलर म्हणत. सीटजवळची कळ ओढली की ते सगळं धूड आपोआप वर उचललं जायचं, सोडली की खाली बसायचं. पण चालवणारा कुणी नव्हता. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीत शिरला, आणि आप्पासाहेबांनी भिंत पुन्हा बांधून घेतली ती ट्रॅक्टर आत ठेवूनच. तेव्हापासून त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. दसऱ्याला त्याला तेवढा झेंडूचा हार मिळे.

दाजी इस्लामपूरला माझ्याकडं आले होते, तेव्हा ही हकीकत मी जेवताना गंमत म्हणून सांगितली. दाजी ताटावरून तसेच उठले. त्यानंतर कितीतरी दिवस ते त्या गोठ्यातच होते. कोंबडीला त्यांनी सन्मानानं दुसरी टोपली दिली, ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग सुटा करून गोणपाटावर मांडला, पुसला, चाखल्यासारखा वास घेतला आणि पुन्हा जोडला. एका दुपारी गोठ्यातून असा काही आवाज आला की बांधलेली जनावरं दावी तोडून मळाभर पांगली. ती गोळा करून झाल्यावर आप्पासाहेबांनी दाजींना मिठी मारली आणि म्हणाले, "मागा काय पायजे ते." दाजींनी ट्रॅक्टरच मागितला. कायमचा नव्हे, थोड्या दिवसांपुरता. आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुमच्या भरवशावर देतोय. माझी उसाची लागण सुरू व्हायच्या आत गाडी दारात पायजे." मी मान डोलावली. दाजींच्या वतीनं मान डोलावण्यात केवढा धोका आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मी शाळेतून रजा काढली आणि इस्लामपुरातून त्यांच्या गावापर्यंत आम्ही ट्रॅक्टरवरून गेलो. दाजी सीटवर, मी चाकावरच्या पत्र्यावर. वाटेत बैल बुजले, एका चावडीपुढं माणसांनी हात जोडले आणि एका गावच्या पाटलानं आमच्याकडं परवाना मागितला. कसला, ते त्यालाही सांगता येईना. कराडचा पूल ओलांडल्यावर पाण्यासाठी थांबलो. दाजी नदीतून बादली भरून आणत होते. मी सहज विचारलं, "दाजी, तिकडं लढाईत तुम्ही नेमकं काय काम करत होता?"

"उलटं काम," ते म्हणाले. बादली खाली ठेवली. "विमानं उतराय जागा लागती. भाताची खाचरं व्हती लोकांची. अशी मऊ माती मास्तर, हात घातला की कोपरापत्तोर जायाचा. त्याच्यावर आमी रोलर फिरवला. मीच फिरवायचो. एक म्हातारा रोज येऊन कडंला बसायचा. भांडला न्हाई, काय न्हाई. नुसता बघायचा. काम संपलं तसा यायचा बंद झाला." मग त्यांनी बादली उचलून पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "चला, बसा. मागचा पत्रा गरम झाला असंल, पटका घ्या खाली."

गावात टिलरला लोकांनी लगेच नाव दिलं. मागचा आकडा वर उचलून येणारं ते यंत्र पाहून बायका म्हणाल्या, "इंचू आला." विंचवाला खायला रॉकेल लागायचं, आणि रॉकेल मिळायचं कंट्रोलवर, म्हणजे रेशनवर, मोजकं. सहापैकी पाच घरांनी आपल्या दिव्यांचं तेल आणून दिलं. आबांनी दिलं नाही. ते काठी टेकत आले, ट्रॅक्टरभोवती फिरले आणि म्हणाले, "एवढं वजन रानावर घालणार? आधीच दाबलेलं हाय, आनखी दाबशील."

"बराबर हाय आबा," दाजी म्हणाले. "ओल्यात घातला तर दाबंलच. कोरड्यात घातला तर फण मोडंल. म्हणून वाफशाला थांबायचं."

वाफसा म्हणजे पाऊस होऊन गेल्यावर मातीची ती घडी, जेव्हा ती चिकटतही नाही आणि अडतही नाही. प्रत्येक शेतकऱ्याला ती कळते, पण दाजींना ती जरा जास्तच कळायची. उत्तरा नक्षत्राचा पाऊस चांगला झाला होता. बांध उंच करून त्यांनी रानात पाणी कोंडून धरलं होतं, म्हणजे उभं राहून का होईना थोडं तरी खाली उतरावं. पाणी ओसरलं. मग रोज सकाळी सगळा गाव बांधावर गोळा होई. दाजी पहारेनं भोक पाडत, आतली माती मुठीत दाबून तिचा लाडू करत, छातीइतक्या उंचीवरून टाकत आणि वाकून बघत. लाडू तसाच राही, म्हणजे ओल अजून जास्त. "अजून न्हाई. डिस्मिस." गाव पांगे. आजूबाजूच्या रानांत लोकांच्या पेरण्या लागल्या. इथं पाच घरांतली माणसं दिवे नाहीत म्हणून दिवस बुडायच्या आत जेवत होती आणि अंधारात एकमेकांना अडखळत होती. एक बाई दाजींच्या तोंडावर म्हणाली, "आमच्या घरात अंधार, आन तुमचा इंचू झोपा काढतोय." आक्का रोज भांडी आपटायची. "आवं, मुहूर्त बघताय का काय?"

"व्हय. तिचाच बघतोय."

अशात आप्पासाहेबांचा माणूस ट्रॅक्टर न्यायला आला. लागण सुरू व्हायला आली, निरोप कडक होता, आणि निरोपात माझं नाव होतं. मी दाजींना म्हटलं, "निदान वरवर तरी फिरवून घ्या, लोकांचं समाधान होईल." दाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की वर्गातल्या पोराकडंही मी तसं कधी पाहिलं नसेन. "मास्तर, समाधान माणसांचं करायचं का रानाचं?" आप्पासाहेबांच्या माणसाला त्यांनी ओट्यावर बसवला, भाकरी वाढली आणि जेवण झाल्यावर डिस्मिस दिला. तो बिचारा शिकलेला नव्हता. त्याला वाटलं हा काहीतरी आशीर्वाद आहे. तो राहिला.

त्यानंतरच्या सकाळी लाडू टाकला तो फुटला. दाजींनी तो फुटलेला तसाच बघितला, दुसरा करून टाकला, तोही फुटला. मग शिट्टी वाजली. ती शिट्टी ऐकून अंघोळीला बसलेली माणसं ओल्या अंगानं धावली. दाजींनी ट्रॅक्टर रानात घातला, कळ सोडली, आणि नऊ फण भुईवर बसले. पहिल्या फेरीला त्यांनी नुसते ओरखडे काढले. पोलाद किंचाळत होतं, फण उड्या मारत होते, बांधावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. दाजींनी घाई केली नाही. आडवी फेरी घातली, मग तिरकी, प्रत्येक वेळी कळ थोडी आणखी खाली. तिसऱ्या खेपेला मागचं किंचाळणं एकदम थांबलं, इंजिनाचा आवाज जड झाला आणि भुई वर आली. थाळीएवढाली ढेकळं उलटी पडत होती, त्यांची खालची बाजू काळीभोर आणि ओलसर. एका बाईनं वाकून ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला आणि पदरात टाकलं.

छावणीनं जाताना मागं ठेवलेलं सगळं त्या दिवसांत वर येत होतं: तंबूचे खुंटे, चपटे झालेले डबे, खेचरांचे नाल, एक अख्खा बूट. दाजी प्रत्येक वस्तूपाशी थांबून ती बांधावर ठेवत आणि पुढं जात. एकापाठोपाठ एक रानं उघडत गेली. स्वतःचं त्यांनी शेवटी ठेवलं होतं. आक्का दुपारी भाकरी घेऊन येई आणि विचारी, "आपलं कवा?" ते म्हणत, "हाय की. पळून जातंय का?" पण ऊन तापत होतं आणि ओल पळूनच चालली होती, हे त्यांना सगळ्यांत जास्त कळत होतं. रॉकेलही संपत आलं होतं.

शेवटच्या दिवशी चार रानं झालेली, दाजी आपल्या रानाच्या तोंडाला आले, आणि पुढं आबा येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा खोचलेला, हातात शेजारच्या रानातलं एक ढेकूळ. ते दाबून दाबून त्यांनी अर्धं चुरलं होतं.

"माझंबी घे," आबा म्हणाले.

दाजी उतरले. आबांच्या रानात गेले, मूठ भरून लाडू केला, टाकला. मग आपल्या रानात येऊन तेच केलं. दोन्ही लाडू फुटले, पण फुटताना धूळ उडाली. दाजींनी टाकीत काडी घालून तेल बघितलं. आप्पासाहेबांचा माणूस निघायच्या तयारीत उभा होता. "एकच हुईल," दाजी कुणाला उद्देशून नाही असे म्हणाले. "सांजपत्तोर एकच. उद्याच्याला ती पुन्यांदा मिटंल."

आबांनी ते ऐकलं. आक्काकडं पाहिलं, ढेकूळ खाली टाकलं. "मग तुझंच घे. मी म्हणालो व्हतो मेलंय. माझ्या तोंडानं म्हणालो." आणि ते वळले.

आक्का बांधावर उभी होती. चार-पाच वर्षं तारेबाहेरून तिनं जे रान बघितलं होतं ते तिच्या पायाशी होतं. दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग ते सीटवर चढले आणि ट्रॅक्टर आबांच्या रानात वळवला. आक्कानं भाकरीची पाटी उचलली आणि न थांबता घराकडं गेली. आबा वळून बघत राहिले. मग एकाएकी खाली बसले आणि फणांमागून उलटणाऱ्या मातीकडं बघत सांजेपर्यंत तिथंच बसून होते.

दुसऱ्या दिवशी दाजींचं रान टाचेखाली खणखण वाजत होतं. आम्ही ट्रॅक्टर घेऊन परत निघालो. माझा शब्द पाळला गेला होता, आणि त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. वाटेत न राहवून मी विचारलं, "दाजी, आक्काचा विचार नाही केलात?"

"केला की."

"मग?"

"आबा पिकलं पान हाय. त्येला पुढल्या साली ये म्हणून सांगायचं कसं मास्तर? आमी दोघं थांबू शकतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आता घरात पाऊल टाकायचं कसं, तेवढं सांगा. शिकलेले हाय तुमी."

त्या साली पाच रानांत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा राहिला. फार जोमाचा नव्हता. जिथून मोटारी गेल्या होत्या तिथं पट्टे पडले होते, पिकाची ताटं गुडघ्याएवढीच. पण कणसं भरली. आबांनी मळणी झाल्यावर गाडी भरून शाळू आक्काच्या दारात उतरवला, आणि आक्कानं तो आत घेतला. पुढच्या सुगीला आबा नव्हते. आप्पासाहेबांनी तोवर ट्रॅक्टर कुणा पाहुण्याला देऊन टाकला होता. ते सगळं वर्ष दाजी रोज सकाळी पहार घेऊन आपल्या रानात भोकं पाडत आणि पाणी आत जिरवत. वाफसा आला तेव्हा आबांच्या मुलांनी आणि बाकीच्या घरांनी आपापले बैल आणले, आठ बैलांचा मोठा नांगर जुंपला आणि ते रान उघडलं. दाजींना फक्त शिट्टी वाजवायचं काम दिलं होतं.

नंतरच्या वर्षांत मुलखात ट्रॅक्टर वाढले आणि दाजींना घर असं उरलंच नाही. आज सांगलीकडं, उद्या साताऱ्याकडं, कुणाच्या रानात हरळीचं तण माजलेलं, कुणाचं रान बसलेलं. निरोप आला की पटका बांधून निघायचे. सणावाराला तेवढे यायचे, येतानाही वाटेवरच्या दोन-चार रानांना कान लावून. मीही नोकरीच्या फेऱ्यांत दूर गेलो. ते गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी आक्काकडं गेलो होतो. दुपारची वेळ. ती ओसरीवर बसून ज्वारी पाखडत होती. तिचा आवाज आता उतरला होता. बोलता बोलता जुन्या गोष्टी निघाल्या, आणि इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. "आक्का, त्या दिवशी त्यांनी आबांचं रान घेतलं, आपलं सोडलं. तुला राग नाही आला?"

"आला की. लय आला व्हता. चुलीत पाणी वतावं वाटलं." ती पाखडत राहिली. "पर त्या साली पेराय काळं रान न्हवतं, आन चालवाय गाडी न्हवती. जात्यात कुटं? सकाळची पहार मारली की घरी. चुलीम्होरं येऊन बसायचं. आधी मी बोललेच न्हाई. मग ते बोलाय लागले. मी भाकरी थापायची, त्यांनी सांगायचं. कुटल्या गावची माती कशी, कुटली माणसं कशी. कंदी कंदी नुसतं बसायचं."

तिनं सूप मांडीवर ठेवलं आणि त्यातला एक खडा टिपून अंगणात फेकला.

"लगीन लय आधी झालं व्हतं रं. पर नांदले म्हंशील, तर त्या एका साली."